भायखळ्याच्या जेलमध्ये हाफकिननं विचारलेला प्रश्न आजच्या रिसर्चवाल्यांनाही वाट दाखवतो

समजा, केशोरीची एक मुलगी मेडिकलच्या पीजीसाठी नागपूरला गेली.

केशोरी म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं गाव. मिरचीसाठी ओळखलं जाणारं. जंगल ओलांडलं की गडचिरोली. पूर्व विदर्भातल्या या पट्ट्यात सिकलसेल हा आजार कोणाला समजावून सांगावा लागत नाही. हातपाय धरून कळवळणारं एखादं पोर प्रत्येकानं जवळून पाहिलेलं असतं.

त्यामुळं गाईडनं लिटरेचर रिव्ह्यू कशावर करणार असं विचारलं, की ही मुलगी पटकन सांगते, सिकलसेलवर.

आणि गाईड तिला परत पाठवतात. कारण सिकलसेल हा विषय झाला, तो प्रश्न नाही.

आता यात फरक काय, असं तुम्हाला वाटेल. फरक कळतो तो सर्च करायला बसल्यावर. पबमेडवर नुसतं सिकलसेल टाकलं की हजारो लेख समोर येतात. कोणता वाचायचा, कोणता सोडायचा, कुठं थांबायचं, काहीच कळत नाही. सहा महिने वाचून हातात राहतो तो फक्त डाउनलोड केलेल्या पीडीएफचा ढीग.

या ढिगातून वाट काढणाऱ्या एका माणसाची ही गोष्ट आहे. त्याचं नाव तुम्ही लहानपणापासून ऐकलंय. पोलिओच्या डोसवर, सापाच्या विषावरच्या इंजेक्शनवर, परळच्या त्या जुन्या इमारतीवर. हाफकिन.

नाव सगळ्यांना माहीत, माणूस मात्र फार कमी जणांना. प्लेगची लस शोधली एवढंच आपण वाचलेलं असतं. पण लस शोधण्याइतकंच अवघड काम त्यानं दुसरं केलं होतं. लस चालते का, हे कोणालाही मोजता येईल अशा शब्दांत विचारायचं. आणि पुढं अशाच एका नीट न विचारलेल्या प्रश्नामुळं त्याचं स्वतःचं आयुष्य विस्कटलं.

सुरुवात झाली लायब्ररीत

वाल्देमार हाफकिनचा जन्म १८६० चा. गाव ओडेसा, काळ्या समुद्राच्या काठावरचं. तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आज युक्रेनमध्ये आहे. घराणं ज्यू.

ओडेसाच्या विद्यापीठात त्याला गुरू भेटले इल्या मेचनिकोव्ह. हेच पुढं १९०८ मध्ये नोबेल मिळवणारे. पण दिवस शांतपणे शिकायचे नव्हते. १८८१ मध्ये झारची हत्या झाली आणि ज्यू वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. वस्ती वाचवायला उभ्या राहिलेल्या पोरांमध्ये हाफकिन होता. त्यात तो जखमी झाला, अटकही झाली. मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटला.

पुढं विद्यापीठात बढती हवी असेल तर धर्म बदलावा लागेल, अशी अवस्था आली. गड्यानं नकार दिला आणि १८८८ मध्ये देश सोडला. आधी जिनिव्हा, मग १८८९ मध्ये पॅरिस. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये मेचनिकोव्ह आधीच पोहोचले होते, पण प्रयोगशाळेत जागा नव्हती. एकच जागा रिकामी होती, सहायक ग्रंथपालाची.

हाफकिननं ती घेतली.

म्हणजे जगातल्या पहिल्या काही लसींपैकी दोन लसी बनवणारा माणूस पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये आधी पुस्तकं लावायला लागला. मिळालेल्या वेळात तो प्रयोगशाळेत जंतूंवर काम शिकायचा.

तेव्हा चर्चा कॉलऱ्याची होती. १८८५ मध्ये स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया भागात हाइमे फेरान नावाच्या डॉक्टरनं हजारो लोकांना कॉलऱ्याची लस टोचली होती. आकडा मोठा होता, पण युरोपातल्या वैज्ञानिकांनी ती मान्य केली नाही. लस नेमकी कशी बनवली हे बाहेर नीट कळत नव्हतं. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या लोकांची सरळ तुलना करता येईल अशी नोंदही नव्हती. पन्नास हजारांच्या आसपास माणसं टोचूनही फेरानचा दावा हवेतच राहिला.

यातून दिसणारी गोष्ट साधी आहे. किती लोकांना लस दिली यानं काही सिद्ध होत नाही. कोणाशी तुलना केली, यावर सगळं ठरतं.

हाफकिननं १८९२ मध्ये स्वतःची कॉलरा लस तयार केली आणि १८ जुलैला पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला आणि उतरला. लस सुरक्षित आहे एवढं यातून कळलं. ती चालते का, हे स्वतःला टोचून कळणार नव्हतं. त्यासाठी कॉलरा असलेला देश पाहिजे होता.

कलकत्त्याच्या बस्तीत सापडलेली तुलना

पूर्वी भारताचे व्हाइसरॉय राहिलेले लॉर्ड डफरिन तेव्हा पॅरिसमध्ये ब्रिटिश राजदूत होते. त्यांच्या मदतीनं १८९३ च्या मार्चमध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरला.

पुढची दोन वर्षं तो उत्तर भारत फिरला. आग्र्यापासून सुरुवात केली आणि चाळीस हजारांहून जास्त लोकांना लस दिली. पण अडचण फेरानचीच होती. लस दिलेल्या बऱ्याच ठिकाणी नंतर कॉलरा आलाच नाही. मग लस घेतलेले वाचले ते लसीमुळं की साथच आली नाही म्हणून?

उत्तर मिळालं ते १८९४ मध्ये कलकत्त्याच्या काठाल बागान बस्तीत. तिथं कॉलऱ्यानं माणसं मरायला लागली होती. वस्तीतल्या साधारण दोनशे लोकांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर वस्तीत आणखी दहा जणांना कॉलरा झाला, त्यातले सात मेले. हे दहाही जण लस न घेतलेल्यांपैकी होते.

इथं आकडे छोटे आहेत, पण तुलना भक्कम आहे. एकच वस्ती, एकच तळं, तेच पाणी, तीच साथ. फरक फक्त लसीचा. चाळीस हजार लोकांच्या आकड्यानं जे सांगितलं नाही ते दोनशे लोकांच्या वस्तीनं सांगितलं.

मुंबईत प्लेग आला

सप्टेंबर १८९६. मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉक्टर अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. बघता बघता शहर रिकामं व्हायला लागलं. सरकारनं हाफकिनला बोलावलं आणि ऑक्टोबरमध्ये तो मुंबईत आला.

ग्रँट मेडिकल कॉलेजमधली एक खोली आणि बाहेरचा व्हरांडा, एवढीच प्रयोगशाळा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. मांसाच्या रश्श्यात जंतू वाढवायचे तर वर तुपाचे थेंब सोडायचे, अशी युक्ती त्यानं काढली. तुपाला धरून प्लेगचे जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते गरम करून मारायचे आणि टिकावेत म्हणून त्यात कार्बोलिक ॲसिड घालायचं. लोकांच्या धर्मभावना दुखावू नयेत म्हणून रश्श्यासाठी गाय-डुकराऐवजी बकऱ्याचं मांस वापरलं.

तीन महिन्यांत लस तयार झाली. १० जानेवारी १८९७ ला पुन्हा पहिली सुई त्यानं स्वतःलाच टोचली. डोस नेहमीपेक्षा कितीतरी जास्त.

तो काळ आठवा. मार्च १८९७ मध्ये पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडला गोळी घातली. घराघरात शिरून माणसं ओढून नेणाऱ्या सरकारवर लोकांचा काडीचा विश्वास नव्हता. अशा वेळी एक परदेशी माणूस सुई घेऊन आला तर लोक काय म्हणतील?

त्यामुळं ही लस चालते एवढं सांगून भागणार नव्हतं. दाखवावं लागणार होतं.

भायखळ्याचा जेल आणि चार खण

जानेवारीच्या अखेरीस भायखळ्याच्या जेलमध्ये प्लेग शिरला. हाफकिननं कैद्यांना विचारलं. दीडशेच्या आसपास कैदी लस घ्यायला स्वतःहून तयार झाले. त्याहून थोड्या जास्त कैद्यांनी घेतली नाही.

पुढं काय झालं? लस न घेतलेल्यांपैकी १२ जणांना प्लेग झाला आणि ६ मेले. लस घेतलेल्यांपैकी दोघांना झाला आणि दोघंही वाचले. लस घेतली त्याच दिवशी ज्यांच्यात लक्षणं दिसली, त्यांच्या अंगात रोग आधीच शिरलेला होता. त्यांची मोजणी त्यानं वेगळी ठेवली.

आता हा प्रयोग थोडा उलगडून बघू. त्यात चार गोष्टी स्पष्ट दिसतात.

पहिली, माणसं कोण? भायखळ्याच्या जेलमधले, साथ आली तेव्हा आत असलेले कैदी. सगळी मुंबई नाही.

दुसरी, उपाय काय? प्लेगची लस.

तिसरी, तुलना कोणाशी? त्याच जेलमधल्या, तेच जेवण जेवणाऱ्या, त्याच भिंतींच्या आत झोपणाऱ्या, पण लस न घेतलेल्या कैद्यांशी.

चौथी, मोजायचं काय? किती जणांना प्लेग झाला आणि किती मेले. लोकांना बरं वाटलं का, असलं काही नाही.

शंभरेक वर्षांनी, १९९५ मध्ये, रिचर्डसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डॉक्टरांसाठी लिहिलं की चांगला प्रश्न या चार भागांचा असतो. पुढं इंग्रजी आद्याक्षरांवरून त्याला पिको हे नाव पडलं. आज जगभरातल्या मेडिकलच्या पोरांना लिटरेचर रिव्ह्यूची पहिली पायरी म्हणून हेच शिकवतात. हाफकिनला हे नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. पण त्याच्या जेलच्या नोंदीत चारही खण भरलेले दिसतात.

रिव्ह्यू करणाऱ्यासाठी हे चार खण म्हणजे चाळणी असते. लेख समोर आला की चार गोष्टी तपासायच्या. माझीच माणसं आहेत का? तोच उपाय आहे का? तुलना आहे का? मला हवा तो परिणाम मोजलाय का? चारही जुळलं तर लेख आत, नाहीतर बाहेर. हजारो लेखांचे पन्नास होतात ते असे.

एक भोक राहिलं होतं

पण जेलच्या प्रयोगात एक भोक होतं. कैद्यांनी लस स्वतःच्या मर्जीनं घेतली होती. समजा लस घ्यायला पुढं आलेले कैदी मुळातच जास्त तरुण आणि धडधाकट असतील तर? मग ते वाचले ते लसीमुळं की तब्येतीमुळं?

हे भोक बुजवलं ते बडोद्याजवळच्या उंधेरा गावात. साल १८९८, फेब्रुवारी महिना. गावात प्लेग होता. हाफकिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गावातली एकेक घरं समोर बसवली आणि प्रत्येक घरातल्या साधारण अर्ध्या माणसांना लस दिली. लहान-मोठे, बाया-पुरुष, तगडे-अशक्त दोन्हीकडं सारखे वाटले जातील असं बघून.

नंतर ज्या घरांत प्लेग शिरला त्या घरांचा हिशोब मांडला. लस घेतलेली ७१ माणसं, त्यातली ३ मेली. न घेतलेली ६४, त्यातली २६ मेली.

एकाच छताखाली, एकाच चुलीवर जेवणारी माणसं. एका बाजूला ३, दुसऱ्या बाजूला २६.

आज आपण वाचतो तेव्हा हे आकडे आहेत. त्या घरांसाठी मात्र एका भावाला सुई टोचली, दुसऱ्याला नाही, असा तो हिशोब होता. अशी विभागणी आजच्या नियमांत बसली नसती, हेही खरंच आहे. पण उत्तर एवढं उघड मिळालं की लस चालते हे नाकारणं कठीण झालं.

१८९७ मध्ये ब्रिटिश सरकारनं हाफकिनला मानाचा किताब दिला. आगाखान यांनी स्वतः लस घेतली, खोजा समाजातल्या हजारो लोकांनी घेतली आणि प्रयोगशाळेसाठी त्यांनी आपला बंगलाही दिला. १० ऑगस्ट १८९९ ला परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये प्लेग रिसर्च लॅबोरेटरी सुरू झाली. हाफकिन तिचा प्रमुख. वय ३९.

इथं सिनेमा संपायला हवा होता. पण नाही.

मलकोवाल, बाटली नंबर ५३ एन

३० ऑक्टोबर १९०२. पंजाबात मलकोवाल नावाचं गाव, आज पाकिस्तानात आहे. तिथं एका दिवसात १०७ लोकांना प्लेगची लस दिली गेली. आठवडाभरात त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला. १९ च्या १९ मेले.

तपासात कळलं की या एकोणीस जणांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. बाटलीवर नंबर होता ५३ एन. त्याच दिवशी वापरलेल्या बाकीच्या बाटल्यांमधून कोणालाही धनुर्वात झाला नव्हता.

देशभर बोभाटा झाला. सरकारनं चौकशी नेमली. मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश लॉरेन्स जेनकिन्स त्याचे अध्यक्ष. चौकशीत पुढं आलं की परळच्या प्रयोगशाळेत लस बनवायची रीत मध्यंतरी बदलली होती. कार्बोलिक ॲसिड घालणं बंद करून नुसत्या उष्णतेवर भर दिला होता. पाश्चर इन्स्टिट्यूटमध्येही तसंच करत होते. पण चौकशी मंडळाचा कल ठरला. बाटली परळहून निघाली तेव्हाच दूषित असावी.

हाफकिनला बिनपगारी रजेवर पाठवलं. १९०४ मध्ये तो भारत सोडून गेला. ज्या माणसानं दोन वेळा पहिली सुई स्वतःला टोचली होती, त्याच्यावर निष्काळजीपणानं एकोणीस माणसं मारल्याचा डाग बसला.

चूक कुठं झाली? लोकांच्या तोंडी असलेला प्रश्न होता, लसीमुळं माणसं मेली का. हा प्रश्न ऐकायला सोपा, पण त्यात तीन-चार प्रश्न एकत्र कोंबलेले आहेत. लसीचं मूळ द्रव्य घातक आहे का? लस बनवायची नवी रीत चुकीची आहे का? बाटली भरताना घाण गेली का? की गावात बाटली उघडताना? या प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या पुराव्यातून मिळतं. सगळं एकत्र विचारलं की बोट आपोआप लस बनवणाऱ्याकडं वळतं.

पुढं चौकशीची कागदपत्रं बाहेर आली आणि काही लोकांनी ती पहिल्यापासून वाचायला घेतली. त्यात सर्वांत पुढं होते रोनाल्ड रॉस. डासांमधून मलेरिया पसरतो हे भारतात शोधून काढणारे, नोबेलवाले. त्यांनी प्रश्न अरुंद केला. बाटलीत धनुर्वाताचे जंतू गेले ते बूच काढण्याआधी की नंतर?

असा प्रश्न विचारल्यावर त्याच कागदांतल्या बारीकसारीक नोंदी बोलायला लागल्या.

मलकोवालला बाटलीचं बूच काढायचा चिमटा आधी जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीतच राहतात.

बाटली उघडली तेव्हा डॉक्टरनं वास घेऊन बघितला होता, घाण वास नव्हता. लस भरून ४१ दिवस झाले होते. एवढे दिवस आत जंतू वाढत असते तर बाटली उघडताच वास मारला असता.

शिवाय लक्षणं दिसायला आठवडाभर लागला. आत विष आधीच साठलेलं असतं तर माणसं त्याआधी आजारी पडली असती.

यातली एकही गोष्ट नवी नव्हती. सगळं चौकशीच्या फायलीत आधीपासून पडून होतं. कोणी त्या दिशेनं विचारलं नव्हतं, इतकंच.

जुलै १९०७ मध्ये रॉस आणि इतर नऊ नामवंत वैज्ञानिकांचं पत्र लंडनच्या टाइम्समध्ये छापून आलं. हाफकिनवरचा आरोप पुराव्याला धरून नाही, असं त्यांनी जाहीर सांगितलं. त्यात न्यूयॉर्कचे सायमन फ्लेक्सनरही होते. वर्ष संपायच्या आत सरकारनं हाफकिनला निर्दोष मानून परत बोलावलं.

पण पाच वर्षं गेली ती गेली. परळची खुर्ची भरलेली होती. त्याला कलकत्त्याला पाठवलं आणि तिथं माणसांवर लसीच्या नव्या चाचण्या घ्यायची मोकळीक दिली नाही. पहिलं महायुद्ध सुरू झालं त्या सुमारास तो निवृत्त होऊन युरोपात गेला आणि उरलेलं आयुष्य बरंचसं ज्यू समाजाच्या कामात घालवलं. २६ ऑक्टोबर १९३० ला स्वित्झर्लंडमधल्या लोझानमध्ये तो वारला. लग्न केलं नव्हतं.

त्याआधी १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्याचं नाव दिलं गेलं होतं. १८९७ पासून तोवर मुंबईतून प्लेग लसीचे अडीच कोटींहून जास्त डोस देशोदेशी गेले होते.

मग आजच्या रिव्ह्यूवाल्यानं यातून काय घ्यायचं?

पहिली गोष्ट, प्रश्न वाचायला बसायच्या आधी लिहून ठेवायचा. सगळे निकाल बघून झाल्यावर प्रश्न बदलला की हवं ते उत्तर काढता येतं. म्हणून आता रिव्ह्यूचा आराखडा आधीच नोंदवायची सोय आहे. ब्रिटनमधल्या यॉर्क विद्यापीठात चालणारी प्रॉस्पेरो ही त्यातली सर्वांत माहितीतली नोंदवही.

दुसरी गोष्ट, तुलना खरी आहे का ते तपासायचं. १९१५ मध्ये ग्रीनवुड आणि यूल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी लसींवरच्या जुन्या आकडेवारीची झडती घेतली आणि अटी मांडल्या. दोन्ही गटांतली माणसं सारखी असावीत. दोघांनाही रोगाचा धोका सारखा असावा. कोणी लस घेतली हे बघून आजार ठरवलेला नसावा. उंधेराचं गाव पहिल्या दोन अटींना चाळीस हजारांच्या यादीपेक्षा कितीतरी जवळ जातं.

तिसरी गोष्ट, चाळणी किती बारीक ठेवायची याचं भान. गंमत बघा. विसाव्या शतकाच्या अखेरीस कोक्रेन या आंतरराष्ट्रीय गटानं प्लेगच्या लसींवर रिव्ह्यू केला. चिठ्ठ्या टाकल्यासारखे गट पाडून केलेल्या चाचण्याच घ्यायच्या, अशी अट होती. त्या अटीत बसणारी एकही चाचणी सापडली नाही. भायखळा, उंधेरा, सगळं चाळणीबाहेर.

याचा अर्थ हाफकिनची लस कुचकामी होती असा होत नाही. अर्थ एवढाच की त्या प्रश्नाला उत्तर देणारा त्या दर्जाचा पुरावा नाही. पुरावा नाही आणि परिणाम नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोशल मीडियावर औषधांबद्दल निम्मी भांडणं इथंच लागतात.

आणि चौथी गोष्ट, सगळे प्रश्न या चार खणांत बसत नाहीत. एखाद्या तालुक्यात किती मुलांना सिकलसेल आहे, या प्रश्नात उपाय नाही आणि तुलनाही नाही. लोक तपासणीला का येत नाहीत, हा प्रश्न तर आकड्यांचाही नाही. तिथं साचा ओढूनताणून बसवायचा नसतो.

आता परत केशोरीच्या मुलीकडं.

तिनं सिकलसेल खोडलं आणि चार ओळी लिहिल्या. माणसं, भारतातली अठरा वर्षांखालची सिकलसेल असलेली मुलं. उपाय, हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या. तुलना, या गोळ्या न घेणारी तशीच मुलं किंवा त्याच मुलांचं गोळ्या सुरू होण्याआधीचं वर्ष. परिणाम, वेदनांमुळं वर्षातून किती वेळा दवाखान्यात भरती व्हावं लागलं.

फक्त गोंदिया जिल्हा असं लिहिलं असतं तर हाताला एखाददुसरा लेख लागला असता. जगातली सगळी मुलं म्हटलं असतं तर आफ्रिका आणि अमेरिकेतल्या अभ्यासात ती बुडाली असती. तिथं आणि इथं या आजाराचं रूप बरंचसं वेगळं असतं. म्हणून भारत. हे माप पहिल्या फटक्यात जमत नाही. दोन-चार वेळा सर्च करून, लेख किती येतात ते बघून, मग ठरवावं लागतं. पण ठरवायचं ते निकाल वाचण्याआधी.

आणि तिच्या प्रश्नातला चौथा खण पुन्हा एकदा बघा. रक्ताच्या रिपोर्टमधला एखादा आकडा वाढला का, हेही तिला विचारता आलं असतं. तिनं पोराला दवाखान्यात किती वेळा न्यावं लागलं, हे विचारलं. कारण गावाकडं आईला तेच जाणून घ्यायचं असतं. दर भरतीला तिची मजुरी बुडते, पोराची शाळा बुडते.

या वेळी गाईड तिला परत पाठवणार नाहीत. उलट पबमेड उघडून तिच्या शेजारी बसतील.